मडलार्कची फेरतपासणी

अमेरिकेहून परतल्यापासून भेटणारा प्रत्येक जण नायगारा कसा होता ते विचारतो. नायगारा मी पाहिला नाही. त्यासाठी राखून ठेवलेले चार दिवस मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या श्रूजबरी गावात, ब्रिटिश लष्कराने कधीच सेवेत न घेतलेल्या एका मोटारीच्या सहवासात गेले. त्या दिवसांत जे पाहिलं आणि ऐकलं, ते क्रमाने देत आहे.

एडिसन, शुक्रवार

मुक्काम न्यू जर्सीत, भाच्याकडे होता. सकाळी श्रूजबरीहून मिलिंद रामटेकेचा फोन आला. मिलिंद हा माझ्या नागपूरच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ. तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेला आणि तिकडेच एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात लागला.

"ताई, नायगारा कुठे पळून जात नाही," तो म्हणाला. "माझी गाडी मात्र रविवारनंतर असेल की नाही, सांगता येत नाही. तुम्ही पेपरवाल्या. एक साक्षीदार पाहिजे मला."

"अपघात झालाय का?"

"नाही. परीक्षा आहे."

यानंतर त्याच्या आईने फोन घेतला आणि सामानाची यादी सांगितली: ज्वारीचं पीठ चार किलो, बेसन दोन किलो, जाड पोहे. आई सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. श्रूजबरीच्या आसपास भारतीय घरं पुष्कळ, पण तिथल्या दुकानातलं ज्वारीचं पीठ त्यांच्या मते "मागच्या साली दळलेलं" होतं. एडिसनच्या ओक ट्री रोडवर भारतीय दुकानांची रांगच आहे, तिथे सगळं मिळालं. दुकानदाराने एवढं पीठ कशाला, असं विचारलं. लष्करी मोटारीच्या परीक्षेला जातेय, असं सांगितल्यावर त्याने पिशव्या दुहेरी करून दिल्या.

श्रूजबरी, शनिवार

ऑक्टोबरमध्ये त्या भागातली झाडं लाल होतात आणि शेजारीपाजारी गळलेली पानं कागदी पिशव्यांत भरून, तोंडं नीट दुमडून, रांगेत ठेवतात. आपल्याकडे पानांना एवढा मान नाही. मिलिंदच्या दारात त्याची आणि त्याची बायको सुजाता हिची, अशा दोन मोटारी उघड्यावर उभ्या होत्या. गॅरेज एकाच मोटारीचं. त्यात मडलार्क होती.

तिचं वर्णन असं: रंग गडद हिरवा, दारं नाहीत, पुढची काच आडवी पडते, आणि बॉनेटच्या बाजूने एक नळी वर जाते. गाडी पाण्यात उतरली तर इंजिनाने त्या नळीतून श्वास घ्यायचा.

इतिहास मिलिंदच्या सांगण्यानुसार देत आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश लष्कराला अमेरिकन जीपऐवजी स्वतःची हलकी मोटार हवी होती. आधी गटी नावाचे काही नमुने झाले, ते जमले नाहीत. मग मडलार्क, तिचेही थोडे नमुनेच. मडलार्कवरून चॅम्प तयार झाली आणि ती मात्र कारखान्यातून हजारोंनी निघाली. पुढे लष्कराच्या लक्षात आलं की चॅम्प फार महाग आहे आणि साध्या सैनिकाला दुरुस्त करायला फार किचकट. शेतावर वापरायची एक साधी गाडी स्वस्तात मिळत होती, ती घेतली गेली.

मडलार्कचा एक नमुना अमेरिकेत कसा आला, याबद्दल मिलिंदकडे तीन हकिकती होत्या. एकीलाही दुजोरा मिळू शकला नाही. एवढं नक्की की तीन वर्षांपूर्वी न्यू हॅम्पशरमधल्या एका गोठ्यात, गवताच्या गठ्ठ्यांखाली त्याला ती सापडली. चॅम्प समजूनच त्याने ती घेतली. इंग्लंडहून चॅम्पची मूळ पुस्तिका मागवली आणि आपल्या कॉलेजांत शिकवतात त्याप्रमाणे पुस्तकाबरहुकूम काम सुरू केलं. पुस्तकात डाव्या अंगाला पायरी होती, गाडीला नव्हती. त्याने बनवून बसवली. फावडं अडकवायची पकड पुस्तकात होती, गाडीला नव्हती, तीही केली. हत्यारांच्या पेटीचं झाकण गाडीत उलट उघडत होतं, ते सुलट केलं. एकूण दोन वर्षं तो गाडीच्या चुका दुरुस्त करत होता. मग इंग्लंडमधल्या एका जाणकाराला त्याने फोटो पाठवले. उत्तर आलं की या चुका नाहीत, ही चॅम्पच नाही, आणि कृपा करून आणखी काहीही सुधारू नका.

"त्या दिवसापासून मी त्या पुस्तकाला हात लावला नाही," मिलिंद म्हणाला.

"काढून टाक ना मग ते पायरी-बियरी," मी म्हटलं.

"वेल्ड केलंय, ताई. माझं वेल्डिंग निघत नाही." यात थोडा अभिमानही होता.

परीक्षेचं कारण सुजाता होती. ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. पहाटे साडेपाचला निघते आणि तीन हिवाळे तिने अंधारात आपल्या मोटारीवरचा बर्फ खरवडला होता. तिने या वर्षी मुदत दिली होती.

"पहिला स्नो पडायच्या आत गॅरेज रिकामं," चहा गाळताना तिने मला सांगितलं. "माझं काही वाकडं नाही त्या गाडीशी. पण ताई, घरात छप्पर एकीलाच आहे, आणि ती ड्यूटीवर जात नाही."

गाडी जायला दोन ठिकाणं होती. ओहायोतलं एक लहान संग्रहालय ती मांडून ठेवायला तयार होतं. अट एकच: ही चॅम्प नसून तिच्या आधीचा नमुना आहे, असं जाणकार परीक्षकाने लेखी द्यायला हवं. रविवारी जवळच लष्करी मोटारींचा मेळावा होता आणि तिथे असे परीक्षक येणार होते. दुसरं ठिकाण म्हणजे डेनिस. डेनिसकडे चॅम्प होती, पण तिला इंजिन नव्हतं. तो मडलार्कचं इंजिन आणि गिअरबॉक्स काढून घेणार होता, आणि उरलेली गाडी भंगारात जाणार होती.

मिलिंदच्या आईने नागपूरच्या एका शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. या प्रकरणाबद्दल त्यांचं मत त्यांनी ज्वारीचं पीठ चाळता चाळता दिलं.

"लेक तीन वर्षांपासून हिच्याखाली झोपून राहिला. सून बाहेर बर्फ खरवडून राहिली. मी आली तं मला म्हणे, आई, बघ कशी दिसते. म्हटलं बाबू, चांगली आहे, पण दारं कुठं आहेत हिचे?"

"आर्मीच्या गाडीला दारं नसतात, आई."

"थंडी नाही वाजत का त्यांना?"



मैदान, रविवार

अमेरिकेत आपले सण रविवारी येतात. कॅलेंडरमध्ये ते कुठेही असोत, हॉल रविवारी मिळतो. त्या रविवारी दुपारी चार वाजता वूस्टरमध्ये एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. मधे घरी येऊन कपडे बदलायला वेळ नव्हता. त्यामुळे तिघेही सकाळपासूनच पांढऱ्या कपड्यांत होते. आई आणि सुजाता पांढऱ्या साडीत, मिलिंद पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये. हॉलमध्ये लावायचा पंचशील ध्वज घडीत चुरगळू नये म्हणून आईंनी मडलार्कच्या काचेच्या चौकटीला बांधून टाकला.

मैदान मोठं होतं. रणगाडे दोन, ट्रक पुष्कळ, जीपगाड्या मोजता येणार नाहीत इतक्या. त्यांचे मालक निरनिराळ्या सैन्यांच्या गणवेशात उकडलेल्या सॉसेजच्या रांगेत शांतपणे उभे होते. नावनोंदणीच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या.

"मॉडेल?"

"मडलार्क," मिलिंद म्हणाला.

बाईंनी यादीवरून दोनदा बोट फिरवलं. "नाही. त्यातल्या त्यात जवळचं काय?"

"चॅम्प. पण मुद्दा असा आहे की..."

बाईंनी चॅम्पपुढे खूण केली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

मडलार्क भाड्याच्या ट्रेलरवरून उतरवताना पहिली अडचण आली. या जातीच्या गाडीत पाच गिअर असतात, आणि पुढे जायचं की मागे हे ठरवायला वेगळा दांडा असतो. त्यामुळे ती मागेही पाचही गिअरमध्ये धावू शकते. कोणत्या युद्धात याची गरज पडेल असं वाटलं होतं, ते कळत नाही. ट्रेलरवरून गाडी मागे घेतली आणि तो दांडा तिथेच अडकला. परीक्षकांची रांग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. मिलिंदने मान वळवली आणि गाडी तशीच उलटी नेली. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. सुजाता समोरून चालत लोकांना बाजूला करत होती, म्हणजे खरं तर मागून. आई मागच्या सीटवर बेसनाच्या पातोड्यांचा डबा मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या आणि ध्वज उलट्या दिशेने फडकत होता. छत्रीसैनिकांच्या वेषातल्या दोघांनी सलाम केला. आईंनी हात जोडले.

त्यांच्यातला एक वहीवाला माझ्याजवळ आला. "हे कोणत्या देशाचं पथक?"

"कोणत्याच नाही."

"मग पांढरे कपडे? शरण आलेत?"

मी हे आईंना मराठीत सांगितलं. "त्याला सांग," त्या म्हणाल्या, "आम्ही कोणाचा जीव घेणार नाही असं शील घेतो. आज तेच घ्यायला चाललो."

त्याने थोडा विचार केला आणि वहीत 'वैद्यकीय पथक' असं लिहिलं.

परीक्षकाचं नाव वॉल्टर. सत्तरीचे, निवृत्त पोस्टमन, सावकाश आणि अत्यंत प्रामाणिक. त्यांच्याकडे चॅम्पची तीच पुस्तिका होती. पुस्तकात एक नजर, गाडीवर एक नजर, मग कागदावर वजाबाकी, असं चाळीस मिनिटं चाललं. मिलिंदने तीनदा बोलायचा प्रयत्न केला. "मालकाने मध्ये बोलायचं नसतं," वॉल्टर तीनदा सौजन्याने म्हणाले.

शंभरपैकी एकतीस गुण पडले. वॉल्टरनी कागद देताना मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. "निराश होऊ नका. पायरी, फावड्याची पकड आणि पेटीचं झाकण, या तीन गोष्टी मी आजवर पाहिलेल्यांत सर्वोत्तम आहेत. अगदी पुस्तकातल्यासारख्या. तेवढे पूर्ण गुण दिलेत."

ते पुढच्या गाडीकडे गेले. मिलिंद पायरीवर बसला. ती त्याचं वजन पेलत होती.

डेनिस ट्रेलर घेऊन आलेलाच होता. तो मनाने चांगला माणूस निघाला. आईंसाठी त्याने कागदी पिशवीत गरम डोनट आणि सफरचंदाचा रस आणला होता. "मला घाई नाही," तो म्हणाला. "दोन वाजता निघायचंय एवढंच."

तेव्हा पाऊण वाजला होता.  सुजाताने डबा उघडून सगळ्यांच्या हातात पातोडी आणि भाकरी दिली, डेनिसच्याही. मिलिंदने घेतली नाही.

"आता संपलंच," तो म्हणाला. "एकतीसचं गुणपत्रक घेऊन कोणत्या तोंडाने पाठवू म्युझियमला?"

आईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि गुणपत्रक मागून घेतलं. त्या ते पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. मराठी माणसं निकाल हातात आला की आधी एकूण बघतात आणि तिथेच थांबतात. बत्तीस वर्षं पेपर तपासलेली व्यक्ती तसं करत नाही. मधेमधे त्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवून सुजाताला अर्थ विचारत होत्या.

"बाबू," त्या शेवटी म्हणाल्या, "हा निकाल तुझा नाहीच. त्यानं भूगोलाच्या उत्तरांवरून गणिताचा पेपर तपासला. हे बघ. बॉनेटचा बिजागर वेगळा, गुण कापले. स्टेपनीची जागा वेगळी, गुण कापले. मागचा पत्रा वेगळा, कापले. तुले कागदावर काय लिहून पायजे?"

"हेच की ही चॅम्प नाही."

"मग हे सतरा ओळी काय आहेत?"

मिलिंद उभा राहिला.

"पण एकतीस कसे मिळाले?" आईंचं पुढचं बोलणं पेपर तपासणीच्या खोलीतलं होतं. "तेवढे कायले दिले? फेरतपासणीचा अर्ज दे."

गुणपत्रकाच्या मागे नियम होता: निकालावर आक्षेप असल्यास तासाभरात फेरतपासणी मागता येईल. वॉल्टरना बोलावून आणलं. त्या मेळाव्यात हा नियम आजवर कोणी वापरला नव्हता, असं त्यांनी सांगितलं.

"गुण वाढवून हवेत, हे मी समजू शकतो," ते म्हणाले.

"कमी करून हवेत," मिलिंद म्हणाला.

वॉल्टर घडीच्या खुर्चीवर बसले. मिलिंदने त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी तो अर्जदार होता, आणि अर्जदाराला बोलण्याची परवानगी होती. पायरी, पकड आणि झाकण आपणच पुस्तकात बघून केलं, हेही कबूल केलं.

"म्हणजे पुस्तकाशी तंतोतंत जुळणाऱ्या या तीन गोष्टीच खोट्या?"

"हो."

वॉल्टरनी पंधरा गुण खोडले. उरले सोळा. मग त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि गाडीखाली शिरले. आता त्यांना पुस्तकाची गरज वाटत नव्हती. खालून आवाज येत होता: "इथला आधार चौकोनी आहे. चॅम्पचा गोल असतो. लिहा, तीन वजा." लिहीत मी होते.

"सीटखालचे बोल्ट बघितले का त्यांनी?" सुजाता मराठीत म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "अरे, चार बोल्ट आहेत ना डाव्या सीटखाली, दुसऱ्या मापाचे. तीन वर्षं जेवताना हेच ऐकतेय मी. आणि पेट्रोलच्या टाकीचा पट्टा. तो पण वेगळा आहे. सांग त्यांना."

मिलिंदने सांगितलं. बोल्टचे चार गेले, पट्ट्याचे दोन. सुजाताला आणखी तीन गोष्टी माहीत होत्या. त्यातली एक मिलिंदलाही माहीत नव्हती. हिवाळ्यात गॅरेजमध्ये बर्फाची खरवडणी शोधताना तिला ती दिसली होती.

गुण दोनवर आले तेव्हा वॉल्टर थांबले. आठ गुणांच्या चुका शिल्लक होत्या आणि शून्याखाली जाता येतं का, हे त्यांना माहीत नव्हतं. ते मुख्य तंबूकडे विचारायला गेले. पावणेदोन झाले होते. डेनिसने घड्याळाकडे पाहिलं, मग डब्याकडे, आणि तिसरी पातोडी ठेच्यासकट खाल्ली. त्यानंतर काही काळ तो घड्याळाकडे बघण्याच्या स्थितीत नव्हता.

वॉल्टर परतले. "मनाई कुठेही लिहिलेली नाही," ते म्हणाले, आणि उरलेले आठ वजा केले.

एकूण गुण उणे सहा. ही बेरीज मी स्वतः दोनदा केली आहे, आईंनी एकदा. कागदाच्या तळाशी वॉल्टरनी पोस्टमनच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'ही गाडी चॅम्प नाही. ती चॅम्पच्या आधीची आहे. तीन भाग मालकाने चुकून बरोबर केले आहेत.' खाली सही केली, तारीख घातली, आणि मिलिंदचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. इतक्या वाईट गुणांची गाडी आपण पूर्वी कधी तपासली नव्हती, असं ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत आदर होता.

डेनिसने कागद वाचला. "मग माझं इंजिन राहिलंच," तो म्हणाला. आईंनी उरलेला डबा त्याला दिला. तो रिकामा ट्रेलर आणि भरलेला डबा घेऊन गेला.

कार्यक्रमाला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. ध्वज आमच्याबरोबर असल्यामुळे कोणी सुरुवात केली नव्हती. वंदना झाली, सर्वांनी पंचशील घेतलं. चहाच्या वेळी कोणीतरी विचारलं, "काय मग रामटेके, गाडीचं काय झालं?"

"मायनस सिक्स," मिलिंद म्हणाला.

विचारणाऱ्याने सहानुभूतीने मान हलवली. मिलिंदने त्याला मिठी मारली.

श्रूजबरी, सोमवार

मिलिंदने ऑफिसातून गुणपत्रक ओहायोला फॅक्स केलं आणि दुपारपर्यंत उत्तर आलं. संध्याकाळी त्याने ते घरी आणून टेबलावर ठेवलं. संग्रहालयाला गाडी हवी होती. गुणपत्रकही गाडीशेजारी काचेत लावायचं होतं. दुरुस्त केलेले तिन्ही भाग तसेच राहू द्यावेत, तोही आता इतिहास आहे, असं त्यात म्हटलं होतं. ट्रेलर येत्या गुरुवारी पाठवत आहोत.

"थर्सडे," मिलिंद म्हणाला. त्याने कागदाची घडी घातली आणि पुन्हा उघडली. "चांगलं झालं. गॅरेज लवकर मोकळं होईल."

"गुरुवारी कसं जमेल?" सुजाता म्हणाली. ती सिंकपाशी भांडी घासत होती, पाठमोरी.

"का? मी सुट्टी घेतो."

"सुट्टीचं नाही म्हणत. विंटरमध्ये रोडवर सॉल्ट टाकतात. ओपन गाडी, खालून सगळी रस्ट होईल ओहायोपर्यंत. एवढं करून गंजवायची का तिला? त्यांना लिही, एप्रिलमध्ये या."

"अगं, पण अजून तर..."

"तू लिही."

आईंनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. मग त्यांनी पोळीचं पीठ पुढे ओढलं.

मिलिंदने जेवणाच्या टेबलावर उत्तर लिहिलं आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे दिलं. त्यात एकच कारण होतं: रस्त्यावरचं मीठ. मी स्वल्पविराम एक काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एडिसनला निघाले. लख्ख ऊन होतं, रस्ते कोरडे होते, आणि शेजारी अजून पानंच गोळा करत होता. बर्फ पडायला अजून दीड-दोन महिने होते. सुजाता नेहमीप्रमाणे साडेपाचलाच कामावर गेली होती. जाण्याआधी तिने खरवडणी आपल्या मोटारीत टाकलेली मी पाहिली.